कच्च्या टाक्यांची इमारत

गावात तिला सगळे टाचणी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण बसलं होतं मात्र मापात. अंगानं सडपातळ, चालणं ताठ, आणि ओठांत कायम तीनचार टाचण्या धरलेल्या. त्यामुळे तिचं बोलणं म्हणजे ‘हं’, ‘हूं’ आणि ‘हात वर करा’, तेही बहुतेक खुणेनंच. मापं देता देता गिऱ्हाईक घरातलं सगळं तिच्यापाशी ओतून मोकळं व्हायचं. टाचणीकडे गेलेली गोष्ट फुटत नाही, याची ज्याला त्याला खात्री होती. फुटणार कुठून, तोंडावरच पहारा बसलेला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दार गल्लीकडे, खिडकी माळाकडे. खिडकीखाली मशीन, मशीनशेजारी कापडं बेतायचं लांबलचक टेबल, आणि भिंतीला एक आरसा, ज्यात सगळी माणसं होती त्याहून किंचित बारीक दिसत. त्या आरशामुळेच आपला धंदा चालतो, असं ती नवऱ्याला म्हणे. खिडकीतून उतारावरचं मोठं कुरण दिसायचं. दुपारनंतरचा सगळा उजेड त्या बाजूनं आत यायचा, म्हणून काळ्या कापडावरची शिलाई ती त्या वेळेसाठी राखून ठेवायची.

नवरा गवंडी. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, आणि उरलेल्या निम्म्यांची गळती त्याच्या हातची बुजवलेली. माणूस मोकळा, गप्पिष्ट, जरा तापट. दोघांचं छान जमलं होतं, कारण एक बोलायचा आणि एक ऐकायची. भांडणतंट्याचं तिला मनापासून वावडं. गल्लीत आवाज चढले की ती मशीन जोरात चालवायची, म्हणजे ऐकू येऊ नये. आपण भले नि आपलं काम भलं, एवढंच तिचं तत्त्वज्ञान होतं.

कुरणाचे मालक कधीच परदेशी जाऊन बसले होते. त्यांनी ते विकल्याचं गावाला कळलं ते थेट पाटीवरूनच. पाटीवर उंच इमारतींच्या रांगा, मधे कारंजं, आणि हसत धावणारी माणसं. गावात जितकी घरं होती त्याच्या कितीतरी पट घरं एकट्या त्या कुरणावर उभी राहायची होती. मागोमाग कंपनीचा माणूस आला. तिशीतला, नीटनेटका, भेटेल त्याला काका-काकू म्हणून हाक मारणारा, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची विचारपूस करणारा. गावानं दोन दिवसांत त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतंच, हीच तर पंचाईत होती.

गोडबोल्या टाचणीच्या घरीही येऊन गेला. गवंड्याला म्हणाला, “काका, काम सुरू झालं की गावातली सगळी माणसं तुमच्या हाताखाली. बाहेरचा मिस्त्री आणायची आम्हाला हौस नाही.” आणि टाचणीला म्हणाला, “काकू, नमुन्याच्या फ्लॅटचे पडदे तुम्हीच शिवायचे.”

त्या आठवड्यात घरात आनंदीआनंद होता. एकुलती एक लेक लग्नानंतर शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. जावई इकडचाच, दोघांनाही गावी परतायचं होतं, पण गावात घर मिळत नव्हतं. गवंडी फोनवर तिला सांगत होता, “आता बघ तू. बापाच्या हातच्या घरात राहशील.”

पडद्यांची मापं घ्यायला टाचणी कंपनीच्या शहरातल्या कचेरीत गेली. गोडबोल्यानं तिला चहा पाजला, तिथंच उभारलेला नमुन्याचा फ्लॅट दाखवला, खिडक्या दाखवल्या. मापं झाली. बाहेर पडता पडता तिला दिवाणखान्याएवढ्या टेबलावर मांडलेला देखावा दिसला. काचेखाली अख्खा प्रकल्प, काडेपेट्यांसारख्या उभ्या इमारती, स्पंजाची झाडं, बोटाएवढ्या मोटारी. ती हौसेनं वाकून बघायला लागली. उतार कुठला, ओढा कुठला, शाळा कुठली हे शोधत शोधत ती आपल्या गल्लीच्या जागेपाशी आली, तर तिथं हिरवा स्पंज चिकटवलेला होता. तिचं घर नव्हतं. शेजारच्या दूधवालीचा गोठा नव्हता. गल्लीच नव्हती.

“आमची घरं कुठायत हो?” तिनं विचारलं.

गोडबोल्या हसला. “काकू, हा फक्त प्रकल्पाचा देखावा आहे. आजूबाजूचं यात दाखवत नाहीत. बघणाऱ्याचा उगाच गोंधळ होतो.”

“आणि ही शेवटची इमारत आमच्या इतक्या जवळ?”

“नियमात आहे सगळं. तुम्ही काळजी करू नका.”

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. पण घरी येईपर्यंत बसमध्ये तिच्या डोळ्यांपुढून तो हिरवा स्पंज हलेना. आपण राहतो त्या जागी कुणीतरी ब्रशानं डिंक लावलाय आणि वर गवत दाबून बसवलंय. इतकी वर्षं ती कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती खरी. पण म्हणून अजिबात नसल्यासारखं कुणी धरावं, हे तिच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पडद्यांचं कापड जसंच्या तसं परत पाठवलं.

गवंडी संध्याकाळी घरी आला तेव्हा ही बातमी त्याला चौकातच कळलेली होती. “डोकं फिरलंय का तुझं?” तो हात न धुताच म्हणाला. “लक्ष्मी चालत आलीय घरी, आणि तू तिला दारातून परत धाडतेस?”

“अहो, त्यांच्या देखाव्यात आपलं घरच नाहीये.”

“देखावा तो. त्याच्यावर कुणी रुसतं?”

“मी रुसले नाहीये. मला ते उभं राहू द्यायचं नाहीये.”

गवंडी तिच्याकडे बघतच राहिला. संसारात इतकं सरळ वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकवलं होतं. मग त्याचाही आवाज चढला. आपल्या हाताखालच्या पोरांना कामाचा शब्द दिलाय, त्यांच्या घरी काय तोंड दाखवू, वगैरे वगैरे. त्याचंही चूक नव्हतं. ती ऐकत होती, पण या वेळी मशीन चालवायला उठली नाही. त्या दिवसापासून घरात बोलणं मोजकं झालं. भाजी वाढू का, हो. दिवा मालवू का, हूं. आता दोघंही टाचण्या तोंडात धरल्यासारखे.

प्रकल्पाला विरोध करणारे तसे होते गावात, पण म्हणजे मुख्य करून निवृत्त पोस्टमनभाऊ. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं मुकाट्यानं वाहिल्याचा वचपा ते आता भाषणं करून काढत होते. गावाच्या सभागृहात त्यांनी बैठका बोलावल्या की आठदहा माणसं जमायची, आणि त्यातली दोन पंख्याखाली बसायला आलेली असायची. बाकीचं गाव म्हणायचं, वर सगळं ठरलेलं असतं, डोकं आपटून आपलंच कपाळ फुटणार. कुणी म्हणायचं, येऊ द्या की, गाव सुधारेल. आणि चार मजले काय न आठ मजले काय, काय फरक पडतो?

टाचणी अशा एका बैठकीला गेली आणि मागच्या बाकावर बसली. पोस्टमनभाऊ उंचीबद्दल बोलत होते. इतके मीटर, तितके मीटर. माणसं जांभया देत होती. आणि टाचणीच्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकाचं असंच होतं. चित्रातला झगा बघून बाई म्हणते, हाच हवा. तोंडी कितीही समजावलं तरी तिला पटत नाही. मग आपण काय करतो? कच्चे टाके घालतो, अंगावर चढवतो आणि आरशापुढं उभं करतो. मग तिचं तीच म्हणते, नको बाई.

ती उठून उभी राहिली आणि काहीतरी बोलली. कुणालाच काही कळलं नाही. ओठांत टाचण्या तशाच राहिल्या होत्या. माणसं हसली. तिनं शांतपणे एकेक टाचणी काढून गळ्यातल्या टेपला खोचली.

“परत सांगते,” ती म्हणाली. “ती इमारत आपण आधी कच्ची शिवून बघू. एक कोपरा तरी. कापडाची. खऱ्या उंचीएवढी. परवानगी देणारी वरची समिती जागा बघायला येईल त्या दिवशी उभी करू. ज्याला आवडेल त्याला आवडेल.”

मग पंख्याखाली बसलेल्यांपैकी एक म्हणाला, “इतकं कापड आणायचं कुठून?”

“तुमच्या घरातून,” टाचणी म्हणाली.

आणि आलं की कापड. चादरी, पडदे, पलंगपोस, बेकरीतल्या पिठाच्या पोत्यांची अस्तरं, कुणाचा तरी जुना तंबू. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं सुटीनंतर शाळेचा मोठा वर्ग उघडून दिला. बाकं भिंतीला लावली आणि गावातली मशीनं डोक्यावरून, हातगाडीवरून तिथं आली. ज्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती ते पुरुष कापड ताणून धरायला बसले. ज्या बायका एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या त्या एकाच शिवणीच्या दोन टोकांना आल्या, आणि शिवण मधे येऊन भिडल्यावर बोलल्याखेरीज इलाजच नव्हता. टाचणी मधून फिरायची, टाके बघायची, नापसंत पडलं की उसवायला लावायची. तिचा आवाज चांगला खणखणीत आहे हे गावाला तेव्हा कळलं. खरं तर तिलाही तेव्हाच कळलं.

कोपरा उभा करायचा तर जागा हवी. कंपनीची शेवटची इमारत येणार होती ती दूधवालीच्या शेताच्या बांधालगत. दूधवाली आणि टाचणी यांच्यात एका कोटावरून बरीच वर्षं अबोला होता. टाचणी तिच्या गोठ्यावर गेली तेव्हा ती धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, “शेत तुझंच समज. पण तो कोट बगलेत आवळतो तो आवळतोच.”

“तू जाड झालीस,” टाचणी म्हणाली.

“तेव्हा नव्हते झाले,” दूधवाली म्हणाली, आणि मग दोघीही हसल्या.

राहिली परांची. बांबू, दोर, आणि ते बांधायची अक्कल गावात एकाच माणसाकडे होती, आणि तो तिच्याच घरात पाठ करून झोपत होता. तिनं विचारलं नाही. विचारून तो नाही म्हणाला असता, आणि मग तो ‘नाही’ दोघांच्या मधे कायमचा राहिला असता. पोस्टमनभाऊ म्हणाले, शहरातून भाड्यानं आणू. ती म्हणाली, थांबा जरा.

एका संध्याकाळी गवंडी शाळेच्या वर्गात येऊन उभा राहिला. मशीनं एकेक करून थांबली. तो कापडाच्या त्या डोंगराकडे बघत होता.

“त्यांच्या कचेरीत गेलो होतो,” तो बायकोला म्हणाला, पण ऐकलं सगळ्यांनी. “काम कधी सुरू होतंय विचारायला. तर म्हणाले, भिंती कारखान्यातनं तयार होऊन येणार. ट्रकमधून. क्रेननं उचलायच्या आणि ठेवायच्या. गवंडी लागतच नाही. मला म्हणाले, काका, तुम्हाला फाटकावर बसवू. खुर्ची देऊ.”

“कधी गेला होतात?” तिनं विचारलं.

“झाला आठवडा. सांगायला तोंड नव्हतं.” त्यानं कापडाची एक कड उचलून बोटांनी चाचपली. “हे एवढं वजन. तळात दुहेरी बांबू घ्यावे लागतील. उद्या पोरांना घेऊन येतो.”

टाचणीनं फक्त बसायला स्टूल पुढं सरकवलं. पण त्या रात्री जेवताना तो नेहमीसारखा बोलत सुटला, आणि ती ऐकत राहिली, आणि घर पुन्हा घरासारखं झालं.

समिती येणार होती त्या दिवशी सकाळीच वारा सुटला. परांची उभी होती, गावातल्या कुठल्याही छपराहून कितीतरी उंच. गवंड्याच्या हाताखालच्या पोरांनी कापड वर ओढलं, आणि ते फुगलं. जहाजाच्या शिडासारखं फुगलं. दोर करकरायला लागले, परांची एका अंगाला झुकली. गवंडी वरून ओरडला, “सोडा, सोडा खाली.” कापड खाली आलं आणि सगळ्यांचे चेहरेही त्याबरोबर उतरले. पोस्टमनभाऊंच्या तोंडून पहिल्यांदाच एक शब्द बाहेर पडला नाही.

टाचणी जमिनीवर पसरलेल्या कापडाभोवती एक फेरी मारून आली. मग तिनं मोठी कात्री मागितली.

“काय करतेस?” दूधवालीनं विचारलं. तिच्या पायाशी तिचाच चांगला नवा पलंगपोस होता.

“वाऱ्याला वाट देते. आणि इमारतीला खिडक्या असतातच की.” आणि तिनं कात्री घातली. तीन बाजूंनी कापून झडप मोकळी सोडायची, असं एक, असं दुसरं, रांगेनं. ज्याची चादर त्यानंच पुढं होऊन कापली. दुपारपर्यंत कापडात ओळीनं खिडक्या पडल्या. पुन्हा ओढलं तेव्हा वारा झडपा फडफडवत पलीकडे निघून गेला आणि कापड जागच्या जागी राहिलं. खिडक्यांमुळे ते आता कापड वाटतच नव्हतं. इमारतच वाटत होती.

सूर्य कलायला लागला तशी सावली निघाली. आधी बांध, मग दूधवालीचा गोठा, मग गल्ली. ज्यांनी विरोध केला नव्हता ते, ‘येऊ द्या की’ म्हणणारे, ‘काय फरक पडतो’ म्हणणारे, सगळे आपापल्या दारात येऊन उभे होते आणि मान वर करून बघत होते. सावली शाळेच्या पटांगणावर चढली तेव्हा खेळणारी पोरं आपसूक थांबली. टाचणीच्या दुकानाची खिडकी दिवसाउजेडी विझल्यासारखी झाली. बेकरीवाला, ज्यानं प्रकल्पाची पाटी स्वतःच्या दुकानात लावली होती, तो आत गेला आणि पाटी काढून बाहेर आला. कुणी त्याला काही म्हटलं नाही.

समिती आली ती अशा वेळी. अध्यक्ष होत्या एक पोक्त बाई, पायात मजबूत बूट घातलेल्या. त्या गाडीतून उतरल्या आणि काही न विचारता सावलीच्या कडेकडेनं चालत सुटल्या, शाळेपर्यंत आणि परत. बाकीचे दोघे त्यांच्या मागं. सोबत आलेल्या गोडबोल्याच्या कपाळावर घाम होता, पण शब्द अजून गोडच होते. “मॅडम, ही सगळी भावनिक मांडणी आहे. गावकऱ्यांनी जरा अतिशयोक्ती केलीय.”

अध्यक्षबाई गवंड्याकडे वळल्या. “उंची बरोबर आहे का हो?”

“नाही बाई,” गवंडी म्हणाला. “चुकलीय.”

गोडबोल्याचा चेहरा खुलला.

“आमचे बांबू संपले,” गवंडी म्हणाला. “यांची इमारत याच्यावर अजून दोन मजले जाते.”

आधी दूधवाली हसली. मग तिच्या मागची गल्ली हसली. मग परांचीवरची पोरं हसली. समितीतला एक सदस्य तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं करायला लागला. गोडबोल्यानं हातातला आराखडा उघडला, बघितला आणि मिटला.

सभागृहात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. पोस्टमनभाऊ भाषणाला उठले, पण त्यांनीच शेवटच्या क्षणी टाचणीकडे हात केला. ती उठली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“आम्हाला घरं नकोत असं नाही,” ती म्हणाली. “माझी स्वतःची लेक घर मिळत नाही म्हणून परगावी आहे. अशा बऱ्याच जणांच्या आहेत. त्यांच्यापुरती घरं बांधा, आमच्या घरांएवढी उंच. आम्ही स्वतः विटा वाहू. पण हे जे आणलंय, ते आमच्या मापाचं नाही. यात आम्ही कुठंच नाही. त्यांच्या कचेरीत देखावा आहे, त्यात आमच्या गल्लीवर गवत लावलंय. तुम्ही आज ती गल्ली पाहिलीत. तिथं माणसं राहतात, एवढंच सांगायचं होतं.”

ती बसली. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. आधी कुणीतरी नाक ओढलं, मग मागच्या भिंतीपाशी सुरुवात झाली आणि मग थांबेचनात. गवंडी टाळ्या वाजवत नव्हता. तो नुसता मान ताठ करून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघत होता, जणू त्यानंच बांधलेलं काहीतरी सगळे बघायला आले होते.

निकाल यायला बरेच दिवस गेले. परवानगी नाकारली होती. कंपनीनं वर दाद मागितली, तिथंही तेच झालं, आणि शेवटी कंपनीनं नाद सोडला. बातमी आली तेव्हा बेकरीवाल्यानं भट्टीतला सगळा पाव गल्लीत वाटला आणि शाळेची घंटा कुणीतरी इतकी वाजवली की दोर तुटून हातात आला. पोस्टमनभाऊंनी भाषण केलं. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

कापड उसवून ज्याचं त्याला परत द्यायचं काम टाचणीकडेच आलं. प्रत्येकाच्या चादरीला खिडकी पडलेली. ठिगळं लावायचं काम तिला पुढचे कित्येक महिने पुरलं, आणि तिनं कुणाकडून काही घेतलं नाही. दूधवालीनं मात्र ठिगळ लावू दिलं नाही. पाहुणे आले की ती तो पलंगपोस मुद्दाम अंथरते आणि भोक कसलं ते कुणी विचारायची वाट बघते.

पुढं गावानं कंपनीकडून कुरणाचा खालचा तुकडा मिळवला आणि तिथं घरांची एक रांग उभी राहिली. दुमजली, विटांची, गवंड्याच्या आणि त्याच्या पोरांच्या हातची. टाचणीला गावाच्या पंचायतीत घ्यायचा आग्रह झाला. तिनं आधी नको नको म्हणून पाहिलं, मग गेली. पहिल्या दिवशी ती नुसती ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली. घरांचं वाटप ठरवायला बैठक बसली तेव्हा लेकीचं नाव निघालं, तशी ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. आतल्यांनी ठरवलं आणि तिला हाक मारली.

लेक आणि जावई टेम्पो घेऊन आले तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. सामान उतरवायला अख्खी गल्ली लोटली होती. गवंडी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीवर हात मारून बघायला लावत होता. “मार, मार जोरात. ट्रकमधून नाही आलेली.” लेक पलंग कुठं ठेवायचा ते विचारत होती, जावई दुसरंच काहीतरी सांगत होता, दूधवाली तिसरंच. टाचणीनं बाह्या वर सारल्या, पलंगाचं एक टोक धरलं आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, “गप्प बसा सगळे, आणि उचला.”

सगळे गप्प बसले आणि पलंग उचलला.